मैदानाचा निकाल अधिसभेत लागतो

२०२० मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडियाच्या पहिल्या विद्यापीठ स्पर्धा झाल्या. चंदीगडचं पंजाब विद्यापीठ पहिलं आलं आणि आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरं. सुवर्णपदकं दोघांचीही १७ होती. रौप्यपदकं पंजाबची १९ आणि पुण्याची ११, तेवढ्यावर अजिंक्यपद हुकलं. इतकं थोडक्यात हुकलं म्हटल्यावर पुढच्या खेपेला नक्की, असं कुणालाही वाटलं असतं. पुढच्या तीन स्पर्धा २०२२ मध्ये बंगळुरूला, २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात आणि २०२४ मध्ये ईशान्य भारतात झाल्या. तिन्ही वेळा पहिल्या तिघांत महाराष्ट्रातलं एकही विद्यापीठ नव्हतं. जैन, लव्हली प्रोफेशनल, पंजाब, अमृतसरचं गुरू नानक देव, मोहालीजवळचं चंदीगड विद्यापीठ, ही नावं आलटूनपालटून वर राहिली.

याचं कारण विचारलं की आपल्याकडे काही तयार उत्तरं मिळतात. पंजाब-हरियाणाची मुलं मुळातच दणकट, घरी दूध-तूप मुबलक. आपल्याकडचे पालक दहावीनंतर खेळ बंद करायला लावतात. हल्लीच्या मुलांचा सगळा वेळ मोबाइलमध्ये जातो. यातलं पालकांविषयीचं म्हणणं थोडंफार खरं आहे, बाकीचं मला पटत नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे स्टीपलचेससारख्या दम काढणाऱ्या शर्यतीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून नेमबाजीचं कांस्यपदक आणतो. म्हणजे अंगात दम नाही आणि मनाची तयारी नाही, ही सबब चालायची नाही.

पण या दोघांची वाट पाहा. साबळे बारावीनंतर लष्करात गेला आणि तिथे धावपटू म्हणून घडला. कुसाळेला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीनं हेरलं आणि पुढे रेल्वेच्या नोकरीनं आधार दिला. या कहाण्या सांगताना विद्यापीठाचं नाव कुणी घेत नाही, घ्यायचं कारणही पडत नाही. याउलट नीरज चोप्राची कहाणी चंदीगडच्या डीएव्ही कॉलेजला वळसा घालून पुढे जाऊच शकत नाही. मनू भाकर आणि सरबज्योत सिंग ही पॅरिसची नेमबाजीतली मिश्र सांघिक जोडी, तिचंही नाव याच कॉलेजशी जोडलेलं आहे. एका कॉलेजनं हे जमवलं, कारण तिथल्या व्यवस्थापनानं खेळाडूला प्रवेश, वसतिगृह, फी आणि हजेरी या चारही बाबतींत काय द्यायचं ते आधीच ठरवून ठेवलं आहे. जालंधर-अमृतसरकडच्या जुन्या खालसा कॉलेजांतही हेच. तिथे याला ‘स्पोर्ट्स विंग’ म्हणतात. खेळात वर्षभर सर्वोत्तम ठरलेल्या विद्यापीठाला केंद्र सरकार देतं तो मौलाना आझाद चषक गुरू नानक देव विद्यापीठानं वीसहून अधिक वेळा जिंकला आहे. एवढं सातत्य एखाददुसऱ्या गुणी तुकडीच्या जोरावर येत नाही. कुलगुरू बदलतात, खेळाडू तर तीन वर्षांत बदलतातच. तरी चषक येत राहतो, कारण कार्यालयाची सवय बदलत नाही.

मग २०२० मध्ये पुणे दुसरं कसं आलं? त्या पदकांत जलतरणपटूंचा वाटा मोठा होता. जलतरणपटू कसा घडतो हे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही तलावावर पहाटे जाऊन पाहावं. पाचच्या सुमाराला स्कूटरवर मागे पेंगणारं पोर, काठावर थर्मास घेऊन बसलेली आई, क्लबची फी, खासगी प्रशिक्षकाची फी आणि हे सगळं वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून. अठराव्या वर्षी हे पोर कॉलेजात येतं तेव्हा ते घडलेलं असतं. पेरणी आई-वडिलांची, राखण क्लबची, आणि खळ्यावर पोतं भरायला विद्यापीठ. त्या तुकडीचं शिक्षण संपलं की विद्यापीठाकडे उरतं काय, तर भिंतीवरचा फोटो. म्हणून पुढच्या तीन स्पर्धांतल्या घसरणीचं मला आश्चर्य वाटलं नाही.

विद्यापीठाला खेळ किती महत्त्वाचा वाटतो हे वार्षिक पारितोषिक समारंभातल्या भाषणांवरून कळत नाही. ते कळतं परीक्षेच्या वेळापत्रकावरून, भरलेल्या पदांवरून आणि अर्थसंकल्पावरून. पैकी वेळापत्रकाची बाजू सगळ्यात कमी बोलली जाते आणि खेळाडूला सगळ्यात जास्त तीच छळते.

सत्र पद्धतीत हिवाळी परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान येतात. आंतरमहाविद्यालयीन सामने त्याच्या आगेमागे, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धाही नेमक्या याच हंगामात. पश्चिम विभागाची कबड्डी स्पर्धा एखाद्या दूरच्या विद्यापीठात लागली की जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, मधे चार-पाच दिवस सामने आणि त्याआधी आठ-दहा दिवसांचं सराव शिबिर. म्हणजे पंधरवडा गेला. या पंधरवड्यात दोन पेपर आले तर काय करायचं? खेळाडूंसाठी विशेष परीक्षेची तरतूद काही विद्यापीठांत कागदावर आहे. पण ती मिळवायला अर्ज कॉलेजातून क्रीडा विभागाकडे, तिथून परीक्षा विभागाकडे, मग ‘समितीपुढे ठेवला आहे’. तोवर निकाल लागतो, गुणपत्रिकेवर ‘गैरहजर’ येतं आणि मुलगा पुढच्या वर्षाच्या प्रवेशाच्या रांगेत अडकतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापनाचं वजन वाढलं आहे, त्यामुळे वर्गातली चाचणी आणि प्रात्यक्षिक बुडणं आणखी महागात पडतं. गंमत अशी की याच धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून खेळाला श्रेयांकही (क्रेडिट) मिळाले. आता पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थी ‘क्रीडा’ हा विषय घेऊन दोन श्रेयांक कमावू शकतो आणि त्याच वेळी विद्यापीठाकडून खेळायला गेला म्हणून अर्थशास्त्रात नापास होऊ शकतो.

एखाद्या मुलीनं यावर आई-वडिलांना काय सांगायचं? तिसऱ्या सत्रात खेळ सोडणारे खेळाडू प्रशिक्षकांना ओळखीचे असतात. त्यांना आळशी किंवा घाबरट म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी हिशेब केलेला असतो आणि तो बरोबर असतो.

आता माणसं. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयं हजाराहून अधिक आहेत. २०१८ मध्ये राज्य सरकारनं बऱ्याच वर्षांनी प्राध्यापक भरतीला मोकळीक दिली तेव्हा मंजूर झालेल्या पदांत सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं होती, ग्रंथपालांची १६३ आणि शारीरिक शिक्षण संचालकांची १३९. पद नाही तिथे काय होतं हे प्रत्येक प्राचार्याला ठाऊक आहे. तासिका तत्त्वावर कुणीतरी घेतलं जातं, नाहीतर मराठीच्या किंवा वाणिज्यच्या एखाद्या उत्साही सरांच्या गळ्यात ‘जिमखाना प्रमुख’ हे पद पडतं. ते बिचारे पात्रता अर्ज भरतात, फोटो चिकटवतात, प्राचार्यांची सही-शिक्का घेतात, मुलांना एसटीत बसवतात. भालाफेकीत पाय कुठे टाकायचा हे त्यांनी शिकवावं अशी अपेक्षाच चुकीची. जिथे पूर्णवेळ संचालक आहे तिथेही तो एकटा कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, कुस्ती, मैदानी खेळ असे पंधरा-वीस संघ ‘पाहतो’. त्यातच परीक्षेच्या काळात त्याला पर्यवेक्षण, प्रवेशाच्या काळात शिस्त समिती आणि निवडणुकीच्या काळात मतदार नोंदणी.

आणि पैसा. प्रवेशाची पावती काढून बघा. तिच्यावर जिमखाना शुल्क किंवा क्रीडा शुल्क म्हणून ओळ असते. रक्कम लहान दिसते, पण विद्यार्थी हजारोंनी असतात आणि एकेका विद्यापीठाशी कॉलेजं शेकड्यांनी जोडलेली असतात. हे शुल्क देणाऱ्या बहुसंख्य मुलांनी मैदानावर कधी पाऊल टाकलेलं नसतं, अनेक कॉलेजांत मैदानच नसतं. जिथे आहे तिथे परीक्षेत दुचाकी, सुट्टीत प्रदर्शनं, लग्नसराईत मांडव, निवडणुकीत सभा. सभा झाल्यावर खांबांचे खड्डे बुजवायला कोण येतं, हा प्रश्न कुठल्याच विभागाच्या अखत्यारीत बसत नाही. संघ बाहेरगावी निघाला की आरक्षण वेळेत न झाल्यामुळे सर्वसाधारण डब्यात दाराशी किटबॅगवर बसून केलेला प्रवास, स्पर्धा उरकल्यावर हातात पडलेला ट्रॅकसूट, दैनिक भत्त्याचं बिल सहा महिने लेखा विभागात, हे अनुभव इतके सर्रास आहेत की माजी खेळाडू एकत्र जमले की हसत हसत सांगतात.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गोष्ट ऐकताना ऊर भरून येतो आणि यायलाच हवा. पण ती सांगून झाल्यावर आपण टाळ्या वाजवतो आणि थांबतो, हे खटकतं. प्राचार्याला घर गहाण ठेवावं लागलं, याचा अर्थ सरकार, विद्यापीठ आणि क्रीडा संघटना यांच्यापैकी कुणाच्याही अंदाजपत्रकात त्या मल्लासाठी सात हजार नव्हते. खर्डेकर मोठे माणूस होते. मात्र मोठ्या माणसांवर चालणारी व्यवस्था प्रत्येक खेळाडूसाठी नवा खर्डेकर शोधत बसते. आजही तालुक्याच्या कॉलेजात एखादे क्रीडाशिक्षक पदरमोड करून मुलांना प्रोटीन, बूट, तिकीट पुरवतात. आपण त्यांच्यावर बातमी करतो, ‘ध्येयवेडे सर’ म्हणतो, आणि संस्थेला कुणी काही विचारत नाही.

कुलगुरूंची बाजूही मांडायला हवी. त्यांना ज्याचे गुण मिळतात तेच ते करणार. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत अध्यापन, संशोधन, पदवीधरांचं पुढे काय झालं, समावेशकता आणि प्रतिमा असे पाच निकष आहेत. त्यांत खेळाचं नाव नाही. नॅकच्या मूल्यांकनात आहे, पण तिथे क्रीडा आणि सांस्कृतिक पारितोषिकं एका ओळीत मोजली जातात. एकांकिकेचा करंडक आणि तिहेरी उडीचं पदक एकाच रकान्यात. अशा वेळी कुलगुरूंसमोर एक कोटी शिल्लक असतील तर ते प्रयोगशाळेला जातील की धावपट्टीला, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आणि प्रयोगशाळेला गेले तर मी त्यांना दोषही देणार नाही. अट एकच, तसं सांगावं.

तसं सांगितल्याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे, आणि एकाच विद्यापीठात ते दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतं. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी अमोस अलोंझो स्टॅग या प्रशिक्षकाला थेट प्राध्यापकवर्गात जागा देऊन बोलावलं. नव्या विद्यापीठाचं नाव देशभर व्हावं यासाठी त्यांना फुटबॉल हवा होता, अर्थात अमेरिकन फुटबॉल. स्टॅग चाळीसहून अधिक हंगाम तिथे राहिले. १९०५ मध्ये या संघानं मिशिगनला २-० असं हरवून त्यांची ५६ सामन्यांची अपराजित मालिका तोडली. देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूला दिला जाणारा, आज हाइजमन नावानं ओळखला जाणारा करंडक १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तोही शिकागोच्या जे बर्वॅंगरला.

पण तोवर अध्यक्षाच्या खुर्चीत रॉबर्ट मेनार्ड हचिन्स आले होते. त्यांच्या मते विद्यापीठाचं काम विचार करायला शिकवणं हे होतं आणि फुटबॉलचा बाजार त्यात अडचण होता. सत्तरीतल्या स्टॅगना निवृत्त करण्यात आलं. खेळाडूंसाठी प्रवेशात आणि अभ्यासक्रमात सवलत देण्याची इतर विद्यापीठांची रीत शिकागोनं धरली नाही. परिणाम मैदानावर दिसला. १९३९ च्या हंगामात मिशिगनकडून ८५-० आणि ओहायो स्टेटकडून ६१-० असे पराभव झाले. त्याच डिसेंबरात विद्यापीठानं संघच बंद करून टाकला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ ला, स्टॅग फील्डच्या ओस पडलेल्या प्रेक्षागृहाखाली एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. १९६९ मध्ये फुटबॉल परत आला, पण शिष्यवृत्त्यांशिवाय, हौशी पातळीवर.

हार्परचं बरोबर की हचिन्सचं, यावर अमेरिकेत अजून वाद घालतात. मला त्यात शिरायचं नाही. मला दिसतं ते हे की मुलं त्याच शहरातली, मैदान तेच, विद्यापीठ तेच. अध्यक्षांची निवड बदलली आणि अजिंक्य संघ ८५-० वर आला. शिवाय दोघांनीही आपली निवड जाहीरपणे केली आणि तिची किंमत मोजली. आपली विद्यापीठं हार्परही होत नाहीत आणि हचिन्सही होत नाहीत. पदक आलं की फलक लावायचा, शुल्क घेत राहायचं, राजभवनाच्या ‘अश्वमेध’ या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाला संघ पाठवायचा, आणि वर्षभर खेळाडूला परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभं करायचं. खेळ नको असेल तर क्रीडा शुल्क तरी परत करा.

खासगी विद्यापीठांनी हार्परचा मार्ग धरलाय आणि जोरात धरलाय. चंदीगड विद्यापीठ २०२४ चा मौलाना आझाद चषक घेऊन गेलं, लव्हली प्रोफेशनल त्याच्या मागोमाग होतं. ओडिशाच्या कीट या खासगी विद्यापीठाची विद्यार्थिनी द्युती चंद हिनं २०१९ मध्ये नापोलीच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं. खेळाडूला पूर्ण फीमाफी, राहणं-खाणं आणि गैरहजेरीची मुभा, आणि बदल्यात प्रवेशाच्या जाहिरातीत त्याचा चेहरा. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. कुठल्याही गरीब घरच्या धावपटूला हा सौदा चांगलाच आहे. पण याला विद्यापीठाचा क्रीडाविकास म्हणताना जरा थांबावं. तयार खेळाडू गोळा करून पदकतालिका भरणं हे पुण्याच्या जलतरणासारखंच आहे, फक्त इथे पोतं भरणाऱ्यानं पैसे मोजले आहेत. त्याच आवारातल्या हजारो इतर विद्यार्थ्यांपैकी किती जण आठवड्यातून दोनदा मैदानावर उतरतात, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

आणि प्रशासनाचं लक्ष कुठे असतं याचा कळस २०२५ च्या जुलैत जर्मनीत झाला. ऱ्हाइन-रूरच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी भारताचा बॅडमिंटन संघ गेला, बारा जणांचा. निवड चाचणी देऊन, प्रवास करून मुलं तिथे पोचली. आणि संघाची नावं देताना अधिकाऱ्यांनी सहाच जणांची नावं नोंदवली. उरलेल्या सहा जणांना मिश्र सांघिक स्पर्धेत खेळताच आलं नाही. संघानं कांस्यपदक जिंकलं, ते सहा जण ते पाहत राहिले. त्यांनी समाजमाध्यमांवर तोंड उघडल्यावर चौकशी लागली, भारतीय विद्यापीठांच्या महासंघातल्या संबंधित अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली. इथे पैसा कमी नव्हता, प्रतिभा कमी नव्हती. एक यादी नीट वाचायची होती. ज्या कार्यालयात खेळाडूचा अर्ज वर्षानुवर्षं सगळ्यात खालच्या फायलीत असतो, तिथे यादी न वाचण्याची सवय एका दिवसात लागलेली नसते.

बालेवाडीला स्वतंत्र क्रीडा विद्यापीठ उभं करायचा घाट राज्यानं घातला आहे. होऊ दे. पण त्यामुळे बाकीच्या विद्यापीठांना ‘खेळाचं ते बघतील’ म्हणायला मोकळीक मिळू नये. क्रीडाविज्ञान शिकवणं वेगळं आणि जळगावच्या किंवा नांदेडच्या बीएससीच्या मुलीला संध्याकाळी धावायला पट्टी असणं वेगळं.

प्रशासनाचं मन वळवून काही होईल यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण उदाहरणं उलट सांगतात. अमेरिकेत विद्यापीठ पातळीवर खेळणाऱ्या मुली १९७२ पूर्वी तीस हजारांच्या आसपास होत्या, आज दोन लाखांच्या वर आहेत. हे कुणाच्या औदार्यानं झालं नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींशी भेदभाव चालणार नाही असा कायदा त्या वर्षी आला, पुढे पालक त्याच्या आधारे कोर्टात गेले आणि विद्यापीठांना मैदानं, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. नाखुशीनं दिल्या, काहींनी मुलांचे संघ बंद करून हिशेब जुळवला, पण दिल्या.

आपल्याकडे एवढा कायदा येईपर्यंत हातात विद्यापीठाची अधिसभा, म्हणजे सिनेट, आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्प तिथे येतो. नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य तिथे बसतात, प्राचार्य आणि प्राध्यापक बसतात. वसतिगृह, रखडलेले निकाल, नामांतर यांवर तिथे तासन्‌तास चर्चा होते, व्हायलाही हवी. त्याच बैठकीत कुणी लेखी विचारावं: गेल्या वर्षी क्रीडा शुल्क म्हणून किती जमा झालं आणि त्यातलं प्रशिक्षकांच्या मानधनावर किती गेलं, समारंभ आणि स्मृतिचिन्हांवर किती? विद्यापीठाकडून खेळायला गेलेल्या किती खेळाडूंचे पेपर बुडाले आणि त्यांतल्या किती जणांची परीक्षा निकालाआधी पुन्हा घेतली? संलग्न कॉलेजांपैकी किती ठिकाणी पूर्णवेळ शारीरिक शिक्षण संचालक आहे? पदकांचा आकडा विचारू नये, तो ते न विचारता सांगतात.

यातल्या पेपरांच्या प्रश्नाला तर पैसेही लागत नाहीत. आंतरविद्यापीठ स्पर्धांचं वेळापत्रक हंगामाआधी येतं. परीक्षा विभागाच्या संचालकांनी आणि क्रीडा संचालकांनी सत्र सुरू होताना एकदा एका टेबलाशी बसून दोन्ही कागद शेजारी ठेवायचे, ज्या तारखा आदळतात तिथे राखीव परीक्षेचा आठवडा ठरवायचा आणि तो पहिल्याच परिपत्रकात छापायचा, म्हणजे अर्ज, समिती, शिफारस काहीच लागणार नाही.